या आठवड्यात शाळेत काय झाले?

वाशिमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावर अनसिंग हे मोठे गाव लागते. भोवताली सोयाबीन, तूर आणि कापसाची शेती. आसपासच्या खेड्यांतील माणसे बाजारहाटाला, कामाधंद्याला इथे येतात. पूर्वी हा सारा भाग अकोला जिल्ह्यात होता. १ जुलै १९९८ रोजी वाशिम हा स्वतंत्र जिल्हा झाला. पुढे २०१८ साली केंद्र सरकारने विकासात मागे राहिलेले शंभरावर जिल्हे निवडून त्यांना ‘आकांक्षित जिल्हे’ असे नाव दिले. त्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे आले : गडचिरोली, नंदुरबार, उस्मानाबाद म्हणजे आताचे धाराशिव, आणि वाशिम. या जिल्ह्यांची प्रगती ज्या गोष्टींवरून मोजायचे ठरले, त्यांत शिक्षण ही एक मुख्य गोष्ट आहे.

सरकार मोजते ते आकड्यांनी. पटावर किती, हजर किती, पास किती. आकडे हवेतच, त्यांच्याशिवाय शाळेला पैसा मिळत नाही की मास्तर मिळत नाही. पण मोलमजुरी करणाऱ्या आईबापाला आपले लेकरू शाळेत खरोखर आहे की नुसते पटावर आहे, हे आकड्यावरून समजत नाही. ते समजते शाळेच्या आठवड्याच्या बातमीवरून. या आठवड्यात परिपाठाला कोण उभे राहिले? खिचडीच्या पंगतीत कोण कोणाजवळ बसले? झाडू कोणाच्या हाती होता? कोण चार दिवस आलेच नाही, आणि त्याची चौकशी कोणी केली? या बातम्या वर्तमानपत्रात छापून येत नाहीत. त्या लेकराच्या तोंडी असतात. आपण विचारल्या तरच बाहेर येतात.

बातमी सांगणारे मूल

आपल्या मराठी शाळेत दिवसाची सुरुवात परिपाठाने होते. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बोधकथा आणि आजच्या बातम्या असा त्याचा क्रम घरोघर माहीत आहे. २०२० च्या प्रजासत्ताक दिनापासून परिपाठात भारतीय संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन झालेच पाहिजे, असा आदेश राज्य सरकारने काढला. म्हणजे न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द आपली लेकरे रोज सकाळी मोठ्याने म्हणतात. शब्द पाठ होतात, हे चांगलेच. पण ते शब्द शाळेत वागवले जातात की नाही, याची पहिली परीक्षा त्याच परिपाठात होते : बातम्या वाचायला उभे कोण राहते?

बहुतेक शाळांत स्पष्ट वाचणारी, स्वच्छ उच्चाराची, धीट अशी तीनचार मुले असतात. पाहुणे आले की तीच पुढे, गॅदरिंगला तीच पुढे, बातम्यांनाही तीच. बाकीची मुले वर्षभर रांगेत हात जोडून उभी. गुरुजींचा त्यात दुष्टावा नसतो. वेळ कमी असतो, कार्यक्रम नीट व्हावा असे वाटते. पण जे मूल पाच वर्षांत एकदाही सर्वांसमोर बोलले नाही, त्याच्या मनात एक गोष्ट पक्की बसते की बोलणे हे आपले काम नव्हे.

यावर उपाय बिनपैशाचा आहे. हजेरीच्या क्रमाने पाळी लावायची. आज या क्रमांकाचे, उद्या पुढच्या क्रमांकाचे. अडखळणाऱ्या मुलाला एकच ओळ द्यायची, पण द्यायची. ऐकू न येणारे मूल फळ्यावर बातमी लिहील. दृष्टी नसलेले मूल रेडिओवर ऐकलेली बातमी सांगेल. आणि बातमी मुंबई-दिल्लीचीच कशाला? काल अनसिंगच्या शिवारात पाऊस झाला का, सोयाबीनची सोंगणी कुठवर आली, बाजारात तुरीला काय भाव निघाला, ग्रामसभा कधी आहे, या बातम्या मजुराच्या मुलाला सर्वांत चांगल्या ठाऊक असतात. त्या विचारल्या की शेवटच्या बाकावरचा मुलगा त्या दिवसापुरता वर्गातला जाणकार होतो. शनिवारी आठवड्याच्या बातम्या एका मोठ्या कागदावर मुलांनीच लिहून व्हरांड्यात लावल्या, तर त्या शाळेचे ते साप्ताहिकच झाले. २०२४ साली राज्य सरकारने पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम सुरू केला. अशा कामाला शनिवारची सकाळ उत्तम.

बातमीचे मोल आपल्या समाजाला नव्याने सांगायला नको. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढले, ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’, २४ नोव्हेंबर १९३० रोजी ‘जनता’, आणि ४ फेब्रुवारी १९५६ पासून तेच ‘प्रबुद्ध भारत’ झाले. पैसा नव्हता, जाहिराती नव्हत्या, वाचता येणारे मूठभर होते, तरी पत्र काढले. कारण ज्याची बातमी दुसरे लिहितात, त्याचे म्हणणे मागेच राहते. हीच गोष्ट दहा वर्षांच्या मुलालाही लागू आहे.

पोत्याचा तुकडा गेला, पण

७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलच्या पटावर चढले. आज त्या शाळेला प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात. या दिवसाची आठवण म्हणून २०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा ‘विद्यार्थी दिवस’ पाळला जातो. नाव पटावर चढले, फी भरली, हजेरी लागली. तरीही बसायला घरून नेलेला पोत्याचा तुकडा, तोही इतरांपासून वेगळ्या जागी, आणि तहान लागली तर शिपायाने नळ सोडेपर्यंत पाणी नाही. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. शाळेत घेतलेले मूल आणि शाळेत सामावलेले मूल यांत केवढे अंतर असते, ते यापेक्षा वेगळे सांगायची गरज नाही.

आपल्या विदर्भातल्या जाईबाई चौधरींचीही गोष्ट मुलींना सांगावी. गरिबीत हमालीचे काम केलेल्या या बाई शिकल्या, शिक्षिका झाल्या. पण अस्पृश्य बाई शिकवते हे कळल्यावर पालकांनी गदारोळ केला आणि त्यांची नोकरी गेली. त्या घरी बसल्या नाहीत. १९२२ साली त्यांनी नागपुरात मुलींसाठी शाळा काढली. शिकणाऱ्यालाच नव्हे, शिकवणाऱ्यालाही शाळेबाहेर काढणारा तो काळ होता.

संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता बंद केली. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. त्यासाठीचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्या कायद्यात जातीमुळे किंवा गरिबीमुळे मागे राहिलेल्या मुलाशी शाळेत भेदभाव होऊ न देण्याची जबाबदारी सरकारवर आणि जिल्हा परिषदेसारख्या स्थानिक संस्थांवर टाकली आहे. मुलाला मारणे आणि मानसिक छळ करणे या दोन्हींना बंदी आहे. जातीवरून टोमणा, शरीरावरून टोपणनाव, सर्वांसमोर ‘तुझ्या डोक्यात काही शिरणार नाही’ असे म्हणणे, हे सारे मानसिक छळातच येते.

पोत्याचा तुकडा गेला. पण वेगळे ठेवण्याच्या रीती बदलून येतात. वर्ग झाडायला रोज ठराविक मुलेच उठवली जातात. पाहुण्यांना पाणी द्यायला ठराविक मुले पाठवली जातात आणि ठराविक पाठवली जात नाहीत. शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना भर वर्गात जात पुकारून हात वर करायला लावतात. शिष्यवृत्ती हा हक्क आहे, त्याची दवंडी पिटायचे कारण नाही, कागद पालकांकडून घेता येतात. या लहान गोष्टी आहेत असे कोणी म्हणेल. लेकरू आठ वर्षांचे असते, तेव्हा तीच त्याची सगळी दुनिया असते.

दिव्यांग लेकरू : घरात लपवू नका

आपल्या वस्तीतही एक चूक होते, ती आपणच बोलली पाहिजे. पायाने अधू, कमी ऐकणारे, उशिरा बोलणारे किंवा मंदगती लेकरू असले की आपण त्याला घरात ठेवतो. ‘त्याला कशाला शाळा, पोरे चिडवतील’ असे आजी म्हणते. कोणी मागच्या जन्माचे पाप म्हणते. तथागतांच्या वाटेने जाणाऱ्या घरात तरी हे बोलणे शोभत नाही. अपंगत्वाला कारणे असतात, ती शरीरात आणि परिस्थितीत असतात, आणि पुष्कळदा त्यावर वेळीच काही करता येते.

अपंग व्यक्तींसाठीचा पहिला मोठा कायदा १९९५ साली झाला. त्यात सात प्रकारचे अपंगत्व धरले होते. २०१६ च्या नव्या कायद्याने ते एकवीस झाले. त्यात सिकलसेल आणि थॅलेसेमियासारखे रक्ताचे आजार आहेत, आत्ममग्नता आहे, आणि वाचन-लेखन-गणितात अडचण येणारी अध्ययन अक्षमताही आहे. ज्या मुलाला अक्षरे उलटसुलट दिसतात, ‘ढ’ म्हणून ज्याची थट्टा होते, तेही कदाचित यात बसते. २००७ सालचा ‘तारे जमीन पर’ हा सिनेमा पाहिलेल्यांना हे लगेच कळेल. सिकलसेल तर विदर्भाच्या घराघरांतला विषय आहे. अशा मुलाचे अंग दुखते, ते वारंवार गैरहजर राहते, आणि वर्गात त्याच्यावर आळशीपणाचा शिक्का बसतो. आजार गुरुजींना सांगा. दाखल्याची नक्कल शाळेत द्या. पाणी पिण्याला आणि लघवीला जाण्याला त्याला केव्हाही परवानगी असावी, कडक उन्हात कवायतीला उभे करू नये, एवढे जरी पाळले तरी त्याचे कितीतरी दिवस वाचतात.

२०१६ च्या कायद्याप्रमाणे चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, मग ते गावातल्या शाळेत असो की विशेष शाळेत. अतितीव्र किंवा एकाहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला घरी शिकण्याची मुभा २०१२ च्या दुरुस्तीने मिळाली. ही मुभा पालकांनी घ्यायची असते. शाळेने ‘याला घरीच ठेवा’ म्हणून लादायची नसते. समग्र शिक्षा अभियानातून अशा मुलांना साहित्य, प्रवासाला मदत, आणि दिव्यांग मुलींना दरमहा दोनशे रुपये दहा महिन्यांसाठी देण्याची तरतूद आहे. पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षक असतात, ते गावोगावच्या शाळांना भेट देतात. एका विशेष शिक्षकामागे प्राथमिक वर्गांत दहा आणि उच्च प्राथमिक वर्गांत पंधरा दिव्यांग मुले असावीत, असे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली मान्य केले. आपल्या शाळेत विशेष शिक्षक महिन्यातून किती वेळा आले, ही विचारण्यासारखी बातमी आहे.

पण सर्व काही पैशावर आणि तालुक्यावर अवलंबून नाही. कमी ऐकणाऱ्या मुलाला पुढे बसवणे आणि बाईंनी फळ्याकडे तोंड न करता मुलांकडे पाहून बोलणे. कमी दिसणाऱ्याला मोठे अक्षर. चालता न येणाऱ्याचा वर्ग खालच्या मजल्यावर. लिहायला उशीर लागणाऱ्याला तोंडी प्रश्न. खेळात कोणाला गुण मोजायचे काम देऊन बाजूला बसवण्याऐवजी खेळाचाच एखादा नियम बदलून त्याला आत घेणे. हे उद्यापासून होऊ शकते. यालाच सरकारी भाषेत समावेशित शिक्षण म्हणतात.

घरची बोली आणि पुस्तकाची भाषा

वऱ्हाडातले लेकरू पहिल्या दिवशी म्हणते, “बाई, मले पानी प्याचं हाये.” काही ठिकाणी वर्गात हशा पिकतो. मूल हिरमुसते आणि पाणी मागायचेच सोडते. पुस्तकातली प्रमाण भाषा शिकायलाच हवी. परीक्षा, अर्ज, नोकरी सारे तिच्यातच आहे. पण ती शिकवताना घरच्या बोलीची लाज वाटायला लावणे, हे लेकराच्या आईची लाज वाटायला लावण्यासारखे आहे. ‘तू म्हणतेस ते बरोबर, पुस्तकात त्याला असे म्हणतात’ या एका वाक्याने काम होते.

वाशिम जिल्ह्यात बंजारा समाज मोठ्या संख्येने आहे. त्यांचे पोहरादेवी हे तीर्थ मानोरा तालुक्यात आहे. तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते. त्याला पहिलीत मराठी ही जवळजवळ परकी भाषा असते. ते गप्प बसले तर ते मठ्ठ नसते, ते शब्द शोधत असते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. वर्गात दोन भाषा जाणणारे दुसरे एखादे मूल जवळ बसवले, तरी पहिले सहा महिने निभतात. आपले मूल मराठी चांगले बोलत असेल, तर त्याने शेजारच्या तांड्यावरच्या मित्राला हात द्यावा, हे आपण घरी शिकवू शकतो. समता ही नुसती मागायची गोष्ट नाही, द्यायचीही आहे.

खिचडीची पंगत

१५ ऑगस्ट १९९५ रोजी शाळेतल्या पोषण आहाराची देशव्यापी योजना सुरू झाली. सुरुवातीला आपल्याकडे मुलांना घरी न्यायला तांदूळ मिळे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्नच द्या असा आदेश दिला आणि शाळाशाळांत चुली पेटल्या. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज शंभर ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला दीडशे ग्रॅम धान्य असे त्याचे प्रमाण आहे. मजुरीला सकाळीच निघून जाणाऱ्या आईला या एका जेवणाचा किती आधार असतो, ते तिलाच ठाऊक.

या योजनेतली एक गोष्ट फार थोड्या पालकांना माहीत आहे. २० एप्रिल २००४ रोजी न्यायालयाने असेही सांगितले की स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती आणि जमातींना प्राधान्य द्यावे. हेतू स्पष्ट होता. सगळ्या गावाची मुले एकाच भांड्यातले, कोणाच्याही हातचे जेवतील तर जे कायद्याने होत नाही ते जेवणाने होईल. म्हणून लेकराला विचारायचे ते केवळ ‘काय जेवलास’ एवढेच नाही. ‘कोणाजवळ बसून जेवलास, वाढले कोणी, ताटे सगळी एका जागी धुतली का’ हेही विचारायचे.

चार दिवसांची गैरहजेरी

अनसिंगच्या परिसरात शाळेचे वर्ष उन्हामुळे उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा थोडे उशिरा सुरू होते. सुरू होऊन चार महिने होतात न होतात तो सोयाबीनची सोंगणी येते, पाठोपाठ कापसाची वेचणी. घरातली मोठी मुलगी धाकट्याला सांभाळायला राहते, कधी आईसोबत वेचणीला जाते. सुरुवातीला चार दिवस, मग पंधरा. दिवाळीनंतर काही कुटुंबे ऊसतोडीला, वीटभट्टीला, बांधकामावर दूर निघून जातात. मुलाचे नाव पटावर राहते आणि मूल उसाच्या फडात. मार्चमध्ये ते परत येते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो, आणि मुलाला शाळेची लाज वाटू लागते. शाळा सुटते ती अशी, कोणी काढून न टाकता.

यासाठी कायदा काय म्हणतो ते लक्षात ठेवा. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाण्याचा मुलाला हक्क आहे, आणि शाळा सोडल्याचा दाखला मिळायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. जन्माचा दाखला नाही म्हणूनही नाकारता येत नाही. वर्षाच्या मध्यात आलात तरी घ्यावे लागते. मध्येच शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवून मागे पडलेला अभ्यास वेगळा करून घेण्याची तरतूद आहे. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे. त्यात नापास झाले तर पुन्हा परीक्षेची संधी मिळते, आणि आठवी होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. कामाला बाहेरगावी जाणार असाल तर निघण्याआधी मुख्याध्यापकांना सांगा आणि मुलाचे शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. पोचाल तिथल्या शाळेत ते दाखवा. त्याहून चांगले म्हणजे आजी-आजोबा, काका-मावशी यांच्याकडे मूल ठेवता येत असेल तर ठेवा.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले या फासेपारधी समाजातल्या शिक्षकाने ‘प्रश्नचिन्ह’ ही आश्रमशाळा उभी केली. भीक मागणाऱ्या, पालांवर राहणाऱ्या लेकरांना गोळा करून त्यांनी शिकवले. ज्यांचे नाव कोणत्याही पटावर नव्हते त्यांच्यासाठी ती शाळा. पण ज्या गावात शाळा आधीपासूनच आहे, तिथे वेगळी चळवळ उभारायला नको. गैरहजर मुलाच्या दारात तिसऱ्या दिवशी कोणीतरी जाऊन ‘का आला नाहीस रे’ एवढे विचारले पाहिजे. गुरुजी जातील तर उत्तम. ते नाही गेले तर शेजारची आई जाऊ शकते.

खुर्ची आपली आहे

शिक्षणाच्या कायद्याने प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेला शाळा व्यवस्थापन समिती सांगितली आहे. तिच्यात निदान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत. मागास व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असली पाहिजे. आणि निम्म्या सदस्य महिला असल्या पाहिजेत. शाळेच्या कामावर देखरेख, विकास आराखडा, आलेल्या पैशाच्या खर्चावर लक्ष हे तिचे काम. म्हणजे ही उपकाराची खुर्ची नाही. कायद्याने आपल्या आयाबहिणींसाठी ठेवलेली खुर्ची आहे.

प्रत्यक्षात काय होते? सभेची सूचना येते तेव्हा मजुरीचा दिवस असतो. रजिस्टर घरी येते, सही किंवा अंगठा होतो, सभा कागदावर पार पडते. हे थांबवायचे असेल तर दोन गोष्टी करा. सभा सुट्टीच्या दिवशी किंवा संध्याकाळी ठेवा अशी लेखी मागणी करा. आणि सभेला एकटे न जाता दोघीतिघी मिळून जा. तिथे एकच प्रश्न धरून बसा : या महिन्यात कोणकोणते मूल मागे राहिले आणि त्यासाठी आपण काय केले? गुरुजींना आरोपी करू नका. पुष्कळ गुरुजींनाही हाच प्रश्न कोणीतरी विचारावा असे वाटत असते, कारण एका शिक्षकावर दोन दोन वर्ग, ऑनलाइन माहिती भरण्याचा बोजा आणि वर निवडणुकीची कामे असतात. पालक सोबत असले तर उतरंडीच्या रॅम्पसाठी, बंद नळासाठी, न येणाऱ्या विशेष शिक्षकासाठी त्यांनाही वर बोलता येते.

भेदभावाची किंवा मारहाणीची तक्रार असेल तर ती आधी मुख्याध्यापकांकडे, मग केंद्रप्रमुखांकडे, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि जिल्हा परिषदेत प्राथमिकच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी द्यावी. नक्कल आपल्याकडे ठेवून तिच्यावर पोच घ्यावी. स्थानिक संस्थेकडे दिलेल्या तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत लागला पाहिजे असे कायदा सांगतो. मूल संकटात असेल तर १०९८ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य लागतो. तो आपल्या लेकराला तोंडपाठ असू द्या.

पाच प्रश्न

घरातली कामे आटोपल्यावर, जेवताना किंवा निजताना, आठवड्यातून एकदा आपल्या लेकराला हे पाच प्रश्न विचारा. उलटतपासणी करू नका, गप्पांच्या ओघात विचारा.

१. या आठवड्यात परिपाठाला किंवा वर्गात तू काय बोललास? तुझी पाळी कधी आली?

२. खिचडी खाताना तुझ्याजवळ कोण होते? एकटे कोण बसले होते?

३. वर्ग कोणी झाडला? पाणी कोणी आणले? रोज तीच मुले का?

४. कोण आले नाही? का आले नाही ते कोणाला माहीत आहे का?

५. तुला न कळलेले काय होते, आणि ते तू बाईंना विचारलेस का?

दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नात आपले मूल नाही, दुसऱ्याचे मूल आहे, हे आपल्या लक्षात आले असेल. ते मुद्दाम आहे. एकटे बसणारे मूल कधी आपले असते, कधी तांड्यावरचे, कधी पालावरचे, कधी गावातल्याच पण परिस्थितीने खचलेल्या पाटलाचे. आपल्या लेकराने त्याच्याजवळ ताट घेऊन बसावे, एवढी शिकवण शाळेने दिली नाही तर घराने द्यावी.

उत्तरे एका जुन्या वहीत लिहून ठेवा. आपल्याला लिहिता येत नसेल तर लेकराकडूनच लिहून घ्या, त्याचा शुद्धलेखनाचा अभ्यास होईल. तीन आठवडे एकाच प्रश्नाला तेच वाईट उत्तर आले, तर वही घेऊन पुढच्या सोमवारी शाळा भरण्याच्या वेळेला जा. ओरडू नका, भांडू नका. वही उघडून गुरुजींसमोर ठेवा आणि म्हणा, ‘सर, आमच्या घरी शाळेची ही बातमी येते. ही कशी बदलायची ते आपण मिळून ठरवू.’